मेमरी शिल्लक असताना प्रोसेस मारणं: कर्नलची घाई की आपली हयगय?

उद्यमबागवाला
आमच्या भागातल्या एका वर्कशॉपचं बिलिंगचं लिनक्स मशीन मी सांभाळतो. परवा भर दुपारी डेटाबेस बंद पडला. लॉग उघडला तर ओओएम किलरने मारलेला, म्हणजे मेमरी संपली की चालू प्रोग्राम (प्रोसेस) मारणाऱ्या कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, यंत्रणेने. त्याच लॉगमध्ये ३०० एमबीच्या वर मेमरी मोकळी दिसते आणि स्वॅपला, डिस्कवरच्या जादा मेमरीला, हातसुद्धा लागलेला नाही. मागणी होती ऑर्डर २ ची, म्हणजे सलग चार पेजेस (मेमरीचे ४ केबीचे तुकडे), १६ केबी. तेवढ्यासाठी दीड जीबीचा डेटाबेस गेला.

बडीइन्फो, म्हणजे मोकळ्या मेमरीचा सलग तुकड्यांच्या आकारानुसार तक्ता, काढून पाहिली. ऑर्डर ० च्या रकान्यात हजारो सुटी पेजेस, ऑर्डर १ मध्येही (सलग दोन) बऱ्यापैकी, आणि तिसऱ्या रकान्यापासून उजवीकडे शून्यच शून्य. वाटण्या होऊन होऊन उताऱ्यावर चार एकर दिसतं आणि एका बांधात ट्रॅक्टर वळत नाही, तशी ही मेमरी. पण तुकडे जोडायची सोय, कॉम्पॅक्शन, २०१० च्या २.६.३५ पासून कर्नलमध्ये आहे. ती नीट वापरायच्या आधी कुणाला मारणं मला अजिबात पटत नाही.

निपाणीकर
कर्नल कुठला?

उद्यमबागवाला
४.७. आधीच्या माणसाने टाकलेला, तसाच चालू आहे.

निपाणीकर
मग दोष हयगयीचा. २०१६ मध्ये ४.७ ला मेमरी संपली हे ओळखायची पद्धत नव्याने लिहिली. कॉम्पॅक्शनने हात टेकले की कर्नल लगेच हार मानू लागला. जगभरातून तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी दुरुस्तीही झाली. तुम्ही अजून तिथेच बसलाय.

आणि किलर नसता तर काय होतं तेही सांगतो. चिकोडी भागातल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर ऐन गळीत हंगामात मशीन हँग झालेलं मी बघितलंय. मेलं नव्हतं, नुसतं पेजेस आतबाहेर करत बसलं होतं. कर्सर हलेना, पावती निघेना, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत. शेवटी कुणीतरी वायर उपटली. त्यापेक्षा एक प्रोसेस मारून मशीन जिवंत ठेवलेलं कधीही बरं.

टिळकवाडी_सिसअॅडमिन
निपाणीकर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. काट्यावर मेमरी खरंच संपली होती. इथे ती शिल्लक आहे, फक्त विखुरलेली. पहिल्या ठिकाणी मारणं हा इलाज आहे. दुसऱ्या ठिकाणी ते तुकडे जोडायचं काम नको त्या मार्गाने उरकणं आहे. शिवाय बळी निवडताना कर्नल कोण किती मेमरी खातंय ते बघतो, तुकडे कुणामुळे पडले हे बघत नाही. स्लॅबची, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या वापरातली, न हलणारी पेजेस मधे ठाण मांडून बसली असतील तर डेटाबेस मारून ती जागची हलणार आहेत का?

निपाणीकर
हलणार नाहीत, मान्य. पण डेटाबेसची हजारो पेजेस सुटली की त्यात सलग चार सापडतातच. आणि डेटाबेस एवढा लाडका असेल तर त्याचा ओओएम स्कोअर ॲडजस्ट, बळी निवडताना धरला जाणारा आकडा, उणे १००० करा. कर्नल त्याला हात लावणार नाही.

उद्यमबागवाला
मग उद्या लेबल छापणारा प्रोग्राम मरेल. १६ केबीची अडचण आहे तिथेच राहील.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. ऑर्डर ३ च्या, म्हणजे ३२ केबीच्या, वरची मागणी आली की हाच कर्नल सहसा किलरला बोलावत नाही, सरळ नकार देतो. मागणारा आपलं बघून घेतो. मग १६ केबीलाही नकार द्या की. फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस सुरू करणं, फसला तर प्रोग्रामला एरर मिळेल, तो थांबून पुन्हा मागेल. ज्याने काही मागितलंच नाही, त्याचा जीव का घ्यायचा?

खानापूरचा
दादा, कॉलेजात आम्हाला बडी ॲलोकेटर (सलग पेजेस वाटणारी कर्नलची पद्धत) शिकवला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. चार पेजेस कशाला लागतात मुळात?

टिळकवाडी_सिसअॅडमिन
४.७ सारख्या जुन्या कर्नलमध्ये प्रत्येक नव्या प्रोसेसचा कर्नल स्टॅक, म्हणजे तिच्यासाठी कर्नल वापरतो ती कामाची जागा, सलग १६ केबीचा असायचा. ४.९ पासून ६४ बिट इंटेलवर तो सुट्या पेजेसवर बांधता येतो. म्हणजे मारायची वेळच कमी येते. हा मला खरा उपाय वाटतो, किलरचं समर्थन नव्हे.

निपाणीकर
उपाय चांगलाच आहे. पण उद्यमबागवाले, फोर्कला नकार म्हणजे काय ते नीट बघा. बाहेरून लॉगिन करायलासुद्धा फोर्क लागतो. तुमचं मशीन पलीकडच्या गल्लीत, सायकलवरून जाऊन बटण दाबाल. माझी मशीन्स अथणीला आणि रायबागला आहेत. रात्री दोनला फोन आला की मला आधी आत शिरता यायला हवं. त्यासाठी एखादा प्रोग्राम गेला तरी चालेल मला, तो परत उठवता येतो.