प्रतिसाद: अ‍ॅडोबीने माघार घेतली, मग खटला का थांबला नाही?

वर विचारलंय की तक्रारदार अ‍ॅडोबी ही सॉफ्टवेअर कंपनीच मागे हटल्यावर स्क्ल्यारोव्ह तुरुंगात कसा राहिला. (दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा एल्कमसॉफ्ट या रशियन कंपनीचा प्रोग्रॅमर; अ‍ॅडोबीच्या ई-बुकवरचं नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप उघडणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमवरून त्याला पकडलं होतं.) कारण खटला फौजदारी होता. फिर्यादी अमेरिकन सरकार. १६ जुलै २००१ ला लास व्हेगासमध्ये अटक, २३ जुलैला अ‍ॅडोबीची माघार, तरी जामीन ६ ऑगस्टला, तोही ५०,००० डॉलरचा. सरकारवरचा विश्वास उडाला तो इथे.

डीएमसीएच्या (अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या) कलम १२०१ मध्ये खरी मेख आहे: पुस्तकाची चोरी झाल्याचं सिद्ध करावंच लागत नाही, कुलूप उघडणारं साधन विकलं की पुरे. एल्कमसॉफ्टचा प्रोग्रॅम तर रीतसर विकत घेतलेल्या ई-बुकवरच चालायचा. शिवाय तो लिहिला गेला रशियात.

पण फौजदारी शिक्षेसाठी कलम १२०४ 'हेतुपुरस्सर' कृत्य मागतं. तिथेच सरकारी पक्ष घसरला. डिसेंबर २००१ मध्ये स्क्ल्यारोव्हला साक्षीच्या अटीवर घरी जाऊ दिलं, खटला कंपनीवर चालवला आणि १७ डिसेंबर २००२ ला ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. कायद्याचं कलम मात्र जसंच्या तसं राहिलं, हे विसरू नका.

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ (२०१२ ची दुरुस्ती) त्या मानाने बरं: कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असेल तरच गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.