वर्डमध्ये मराठी प्रबंधाची अनुक्रमणिका: अपडेट केलं की फॉरमॅटिंग जातं

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, मराठी विषयातला पीएचडीचा प्रबंध पुढच्या महिन्यात जमा करायचाय, वर्ड २०१६ वापरतेय. मजकूर सगळा युनिकोडमध्ये आहे, फक्त तिसरं प्रकरण टायपिस्टकडून करून घेतलं ते जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे. प्रकरणांना हेडिंग १ आणि आतल्या मुद्द्यांना हेडिंग २ देऊन ऑटोमॅटिक अनुक्रमणिका टाकली, ती आली पण आता पुढचं काही जमत नाहीये. अनुक्रमणिकेतल्या एका ओळीला बोल्ड केलं की तशा सगळ्याच ओळी बोल्ड होतात, आणि ओळीतल्या दोनच शब्दांना केलं तर अपडेट मारल्यावर ते जातं. स्टाइलमध्ये जाऊन साइज १४ केली तर पान नंबर तेवढे मोठे झाले, मराठी अक्षरं होती तेवढीच. तिसऱ्या प्रकरणाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. लांब शीर्षकं पान नंबरच्या अंगावर जातात, आणि एका ठिकाणी तर अख्खा परिच्छेदच अनुक्रमणिकेत येऊन बसलाय. गाइड सरांना परवा दाखवायचंय, कृपया कोणीतरी नीट सांगा.

अक्षरजुळणी:
ताई, एक गोष्ट आधी लक्षात घ्या म्हणजे बाकीचं सोपं होईल. अनुक्रमणिका हा टाइप केलेला मजकूर नाही, ते फील्ड आहे, अपडेट एंटायर टेबल केलं की वर्ड जुनं पुसून नवं लिहितो. त्यामुळे तिथे हाताने केलेलं काही टिकत नाही, टिकतं ते फक्त टीओसी १, टीओसी २ (टीओसी म्हणजे टेबल ऑफ कंटेंट्स, अनुक्रमणिका) या स्टाइलमध्ये ठेवलेलं. आणि या स्टाइलना मुळातच ऑटोमॅटिकली अपडेट चालू असतं, म्हणून तुम्ही एक पूर्ण ओळ बोल्ड केली की वर्ड ती स्टाइलच बदलून टाकतो आणि सगळ्या ओळी बदलतात.

रेफरन्सेस मध्ये टेबल ऑफ कंटेंट्स, तिथे खाली कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स. फॉरमॅट्समध्ये फ्रॉम टेम्प्लेट निवडलेलं असेल तरच मॉडिफाय बटण चालतं, हे बऱ्याच जणांना सापडत नाही. मॉडिफाय दाबलं की टीओसी १ ते ९ ची यादी येते, त्यातली १ निवडून परत मॉडिफाय, मग फॉन्ट, पॅराग्राफ, टॅब्स जे काय असेल ते तिथेच करा. ओके केल्यावर जुनी अनुक्रमणिका बदलू का असं विचारेल, येस म्हणा.

लांब शीर्षकाचं असं करायचं: पॅराग्राफमध्ये राइट इंडेंट साधारण दीड सेंमी द्या, हँगिंग (दुसऱ्या ओळीपासून आत सरकणं) पाऊण सेंमी द्या, मग टॅब्समध्ये जुना टॅब काढून राइट टॅब घाला आणि लीडर, म्हणजे शीर्षक आणि नंबर यांच्यामधली भरण, टिंबांचा निवडा. टॅबची जागा म्हणजे तुमच्या मजकुराची रुंदी. ए४ कागद २१ सेंमी, बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच म्हणजे ३.८१ आणि उजवीकडे एक इंच म्हणजे २.५४ सोडले असतील तर टॅब १४.६५ सेंमीवर येईल. शीर्षक इंडेंटपाशी वळून खालच्या ओळीत येतं आणि नंबर एकटा उजव्या कडेला उभा राहतो, छापल्यावर फार देखणं दिसतं ते. टिंबं स्पेसबार किंवा पूर्णविराम दाबून कधीच भरू नका.

परिच्छेद आत आलाय कारण त्याला चुकून हेडिंगची स्टाइल लागलीय. व्ह्यूमधलं नॅव्हिगेशन पेन उघडा, तिथे तो दिसेल, त्यावर क्लिक करून तिथे जा आणि कंट्रोल शिफ्ट एन दाबा. मग अपडेट.

रानवारा:
साइजचं मी सांगतो. देवनागरीला वर्ड कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट समजतो आणि तिचा फॉन्ट, साइज, बोल्ड हे सगळं इंग्रजीपेक्षा वेगळं साठवतो. तुम्ही जे १४ केलं ते लॅटिनच्या खात्यात गेलं, म्हणून इंग्रजी आकडे मोठे झाले. मॉडिफायमध्ये फॉरमॅट, फॉन्ट असं गेलात की खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा भाग आहे, तिथे फॉन्ट आणि साइज द्या. हेडिंग १, हेडिंग २ आणि नॉर्मल तिन्हींना तेच करा नाहीतर आतल्या पानावर एक फॉन्ट आणि अनुक्रमणिकेत मंगल असं होतं.

फॉन्ट शोधत असाल तर आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी बघा, दोन्ही फुकट आहेत. टिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, मराठीच्या प्रबंधात हे सांभाळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

अक्षरजुळणी:
तिसऱ्या प्रकरणाचं राहिलं. श्रीलिपीतला जुना मजकूर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, वरून मराठी आकार दिलेला. टीओसीच्या स्टाइलला साधा फॉन्ट असल्याने आतली अक्षरं उघडी पडतात. लॅटिनच्या खात्यात तोच श्रीलिपी फॉन्ट टाकला तर ओळ वाचता येईल, पण मग इंग्रजी शब्द आणि पान नंबरसुद्धा त्याच फॉन्टमध्ये जातील आणि गाइडच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर परत तेच. प्रकरण कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि एकदा सबंध वाचा, रफार आणि जोडाक्षरं तिथे हमखास बिघडतात.

मुक्तस्रोत:
कोणी लिब्रे ऑफिस रायटर वापरत असेल तर तिथे हेच जास्त मोकळं आहे. अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून एडिट इंडेक्स, मग एंट्रीज टॅब. तिथे ओळीची रचना चौकोनांत मांडलेली दिसते, शीर्षक, टॅब, पान नंबर असं एकेक. टॅबच्या चौकोनावर क्लिक केलं की टिंबं कुठली ते आणि उजवीकडे चिकटवायचं का ते खाली येतं, ऑल दाबलं की सगळ्या लेव्हलना लागू. फॉन्ट मात्र कंटेंट्स १, कंटेंट्स २ या पॅराग्राफ स्टाइलमध्येच बदलायचा आणि सीटीएलच्या भागात, म्हणजे वर्डमधल्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या जागी. पण वर्डची फाइल इथे उघडून परत वर्डमध्ये न्यायची असेल तर टॅब हलतात, जमा करायच्या आधी दोन्हीमध्ये ये-जा नको.

पाऊलवाट:
खूप खूप आभार सगळ्यांचे! कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग बघितला आणि साइज लगेच लागली, टॅबसुद्धा १४.६५ वर अगदी सरळ बसलाय, तिसरं प्रकरण कन्व्हर्ट करायला घेतलंय. अजून दोन गोष्टी विचारते, ऋणनिर्देश वगैरे सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि प्रकरण पहिलं १ पासून, असं अनुक्रमणिकेत येईल का? आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी प्रकरणवार पीडीएफ द्यायच्यात त्या कशा करू?

रानवारा:
येईल. पहिल्या प्रकरणाच्या आधी लेआउटमधून सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज टाका, दुसऱ्या सेक्शनच्या फूटरमध्ये लिंक टू प्रीव्हियस बंद करा आणि फॉरमॅट पेज नंबर्समध्ये स्टार्ट अ‍ॅट १. पहिल्या सेक्शनला रोमन निवडा. अनुक्रमणिका ज्या त्या सेक्शनचा आकडा आपोआप उचलते. देवनागरी १, २, ३ हवे असतील तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये हिंदी जोडा, मग त्याच यादीत ते दिसतात.

अक्षरजुळणी:
पीडीएफसाठी वर्डची फाइल कधीही तोडू नका, तुकड्यात हेडिंग्ज नसली की अपडेट करताच अनुक्रमणिका रिकामी होते. एकच फाइल ठेवा, सगळं सिलेक्ट करून एफ९ दाबा, सेव्ह अ‍ॅज पीडीएफच्या ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क्सची खूण करा आणि ती अख्खी पीडीएफ नंतर प्रकरणवार कापा, म्हणजे पान नंबर छापील प्रतीशी जुळतात. तक्ते असतील तर त्यांना इन्सर्ट कॅप्शनने नाव द्या, त्यांची सूची इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्सने वेगळी निघते, आणि तिची स्टाइलही वेगळी असते, टेबल ऑफ फिगर्स नावाची. फॉन्ट आणि टॅब तिथे परत द्यावे लागतील.