प्रतिसाद: दोष एकट्या गोंदाचा नाही
मातीच्या कुंडीवर मोझेक, म्हणजे टाइल-काचेच्या तुकड्यांची नक्षी केली की तुकडे निखळतात, या तक्रारीवर वर सगळ्यांनी खापर गोंदावर फोडलंय. ते अर्धंच खरं. सुतारकामाचा पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो, त्यामुळे बाहेरच्या कुंडीला तो नकोच. टाइल बसवायचं सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह घ्या. पण मातीची कुंडी सच्छिद्र असते. झाडाला घातलेलं पाणी आतून भिंतीत झिरपतं आणि टाइलच्या मागे येऊन अडकतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आतल्या बाजूला वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्यायचे, पूर्ण सुकू द्यायचे. तळाचं भोक मात्र मोकळंच ठेवा. अशा कुंडीतली माती उशिरा सुकते, तेव्हा नंतर पाणीही बेतानं घाला.

काचेचा विषय निघालाच नाही. पारदर्शक काचेखाली अ‍ॅडेसिव्ह पांढरंच हवं. करड्यावर निळी-हिरवी काच मळकट दिसते. शिवाय पाठीला सलग थर द्या, नाहीतर मधल्या पोकळ्या आरपार दिसतात. तुकड्यांमधल्या फटी 3 मिमीपेक्षा अरुंद ठेवून बिनवाळूचं ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण) भरा, कारण पुसताना वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. आणि कुंडीच्या काठावर कापलेली कड बाहेर येऊ देऊ नका, हात कापतो.