उत्पन्न विचारलं की सगळ्यांचा आकडा एकच येतो, काय करू?

प्रश्न – एमएची विद्यार्थिनी
ग्रामीण दारिद्र्यावर प्रबंध करतेय. बीड जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव घेतलंय, साठ घरं करायची आहेत. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर 'कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न' आहे. आतापर्यंत बावीस घरं झाली. चार एकरवाल्याने चाळीस हजार सांगितले, भूमिहीन मजुरानेही चाळीसच. एका आजींनी मलाच विचारलं, "बाई, यादीत नाव घालाया आलीस का काढाया?" मला उत्तर देता आलं नाही. असे आकडे भरून मी काय मांडणार?

उत्तर – निवृत्त अन्वेषक
ताई, आजींचा प्रश्न जसाच्या तसा वहीत लिहून ठेवा. रेशनकार्ड, घरकुल सगळं उत्पन्नावर अडतं, मग खरा आकडा कोण सांगेल? आणि खरं सांगायचं म्हटलं तरी वर्षाची बेरीज कुणी केलेलीच नसते.

मी अठ्ठावीस वर्षं गावपाहण्या केल्या. एका घरी कर्ज विचारलं. घरधनी म्हणाला, "कुणाचा एक रुपाया नाही." मी रकान्यात शून्य घातलं. त्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. सहज विचारलं, यंदा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार का? हातातली भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "जावंच लागंल की. मुकादमाची मागल्या सालची बाकी फिरलीय." म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, मुकादमाकडून, मजुरीची आगाऊ रक्कम, उचल, घेतलेली, आजारपणात खाडे पडले, आणि राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढली. पण त्यांच्या लेखी कर्ज म्हणजे सोसायटीचं किंवा सावकाराचं; उचल म्हणजे काम. मी ते शून्य खोडलं. त्या दिवसापासून घरातल्या बाईला वेगळं विचारल्याशिवाय फॉर्म पुरा केला नाही.

तेव्हा उत्पन्नाचं पान शेवटी न्या. आधी विचारा: गेल्या आठवड्यात कुणाच्या रानात गेलात, किती दिवस, हजेरी रोख मिळाली की धान्यात, उचल किती, फिटली किती. आणि दिवाळीनंतर गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलूप दिसेल. ती घरं वगळून शेजारचं घर घेऊ नका! तसं केलं तर गाव कागदावर आपोआप सुखवस्तू होतं.

1975 पासून इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने सोलापूरच्या शिरापूर आणि कळमणमध्ये जी पाहणी केली ती मिळवून वाचा. प्रत्येक गावात 40 घरं: 10 मजुरांची, 30 लहान-मध्यम-मोठ्या शेतकऱ्यांची. अन्वेषक गावातच राहायचे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्याच दारात जायचे. तुम्हाला वर्षं देता येणार नाहीत, पण तीन फेऱ्या तरी करा.

उत्तर – अर्थशास्त्राचा प्राध्यापक
उत्पन्नाच्या आकड्यावर विसंबू नये, या वरच्या उत्तराला पुस्तकी आधारही आहे. दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये दारिद्र्य मोजलं ते खर्चावरून, दिवसाला 2250 कॅलरीचा हिशेब धरून. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी निघालेली देशाची ग्रामीण दारिद्र्यरेषा, माणशी महिना 816 रुपये, हीसुद्धा खर्चाचीच. तेव्हा तुम्हीही खर्च विचारा, फक्त किती दिवसांचा विचारता ते पक्कं ठरवा. 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्नावरचा खर्च 30 दिवसांचा आणि 7 दिवसांचा असा एकाच घरात दोन्ही विचारला. त्या आकड्यांची आधीच्या फेऱ्यांशी तुलना करायची कशी, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला.

प्रश्नकर्ती
आज आजींकडे परत गेले. सांगितलं, यादी माझ्याकडे नाही, नाव घालणंही माझ्या हातात नाही आणि काढणंही नाही. मग तासभर बोलल्या. ज्वारी काढणीची मजुरी त्यांनी पायलीत, म्हणजे धान्याच्या मापात, सांगितली. ती पैशात कुठल्या भावाने धरू, सुगीच्या की आत्ताच्या?

निवृत्त अन्वेषक
ज्या दिवशी पदरात पडली त्या दिवशीच्या गावातल्या भावाने. आणि पायली कुणाच्या घरच्या मापाने मोजली, तेही विचारून घ्या.