गुळण्यांनी बसलेला आवाज सुटत नाही ओ

दादा, वहिनींचा आवाज दीड महिना बसलाय आणि तुम्ही अजून मिठाच्या गुळण्याच करायला सांगालाय होय? ते पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही की ओ, घशाला बरं वाटतंय तेवढंच. वर्गात ओरडून ओरडून शिकवणाऱ्या बाईंच्या स्वरतंतूंवर बारक्या गाठी येतात, त्या बहुतेक वेळा आवाजाच्या थेरपीनं कमी होतात, लगेच ऑपरेशन नसतंय. आणि कुजबुजत बोलू नका म्हणावं, त्यानं बऱ्याच जणांचा ताण उलट वाढतो. चार आठवड्यांवर आवाज बसला की कान-नाक-घसावाल्याकडं दुर्बिणीनं बघून घ्यायचंच, आमच्या निपाणीकडच्या तंबाखू-मिश्रीवाल्यांनी तर तेवढंबी थांबू नये. वहिनींच्या मानेला गाठ लागतीय म्हणालात, ती गिळताना वर-खाली होत असली तर बहुधा थायरॉईडची, टीएसएच म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सांगतील बघा.