जोड ताजी असताना लावा! तुमच्या मनातली बॉक्सिंगची लढत कुठली?

तासगावचा_आप्पा (२१ सप्टेंबर २०२५)

मंडळी, इथं क्रिकेटचे धागे पायलीला पन्नास. बॉक्सिंग बघणारी आपण चार टाळकी असू, पण असू तर बोलूया की.

गेल्या रविवारी माझं अडत दुकान बंद होतं आणि घरच्यांनी टीव्हीची आशा सोडली होती. सकाळी लास व्हेगासमधनं कॅनेलो–क्रॉफर्ड, तीही नेटफ्लिक्सवर, वेगळे पैसे न मोजता. संध्याकाळी नागोयातनं इनोए–अखमदालिएव. आदल्या रात्री लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत आपल्या जास्मिनचं सोनं. असला शनिवार-रविवार परत कधी येईल देव जाणे.

क्रॉफर्डचं आधी सांगतो. हा गडी मागची लढत १५४ पौंडात खेळलेला, म्हणजे सत्तर किलोचा. तो मधला गट सोडून थेट १६८ ला, शहात्तर किलोला चढला आणि कॅनेलोला त्याच्याच घरात हरवलं. डावा पाय मागं ठेवून उभा, उजव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, सतत तोंडावर. कॅनेलो बरगडीला हात घालायला आत यायचा तेव्हा हा अर्धं पाऊल सरकलेला असायचा, नाहीतर कोपर आडवं. निम्मे ठोसे दंडावरच विरले. तिन्ही पंचांनी गुण क्रॉफर्डकडं दिले, ११६–११२, ११५–११३, ११५–११३. मला पहिला पंच पटला, बाकीच्या दोघांनी कॅनेलोच्या नावाला थोडं माप जास्त टाकलं असं माझं मत.

पण बघताना एक सलत होतं. कॅनेलो ३५ चा, क्रॉफर्ड ३८ ला टेकलेला. मेवेदर–पॅकियावचं असंच झालं होतं. २००९ पासनं नुसती चर्चा, लागली मे २०१५ मध्ये, तेव्हा दोघांचंही ऊन उतरलेलं. स्पेन्स–क्रॉफर्डसुद्धा किती वर्षं लोंबकळली आणि २०२३ ला झाली.

आमच्या भागात कुस्तीच्या मैदानाला जोड कशी लावतात माहितेय ना? कमिटीची माणसं दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतात. उंची बघतात, मान बघतात, मागचं मैदान कुणी मारलं ते विचारतात, "काय रं, धरतो का?" म्हणतात. धरली की हलगी सुरू. नाही म्हणला तर गावासमोर नाही म्हणला, ते चार गावांत कळतं. बॉक्सिंगमध्ये चार संघटनांचे चॅम्पियनकीचे चार पट्टे, प्रत्येक प्रमोटरचं वेगळं चॅनेल, आणि नको असलेली जोड टाळायला शंभर कारणं. टाळणाऱ्याला कुणी विचारत नाही.

माझ्या मनातली एक नंबरची जोड: नाओया इनोए आणि जुंतो नाकातानी. मोठ्या वजनाची धिप्पाड माणसं बघायला मला एवढी मजा येत नाही. छोट्या वजनात दम संपत नाही आणि मिठी मारून वेळ काढत नाहीत. इनोए ५५ किलोतला, चारही पट्टे त्याच्याकडं, ३१ लढती, हार नाही. पण गेल्या वर्षी नेरीनं टोकियो डोममध्ये पहिल्याच फेरीत त्याला बसवलं, यंदा मे महिन्यात कार्देनासनं व्हेगासला दुसऱ्या फेरीत. दोन्ही वेळा डावा हूक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा. दोन्ही वेळा उठून समोरच्याला संपवलं ही गोष्ट वेगळी. अखमदालिएवसमोर मात्र तो शहाण्यासारखा खेळला. बाराच्या बारा फेऱ्या पायावर, मारायचं आणि निघायचं, नॉकआउटच्या मागं लागायचं नाही. मला तो इनोए जास्त आवडला.

नाकातानी त्याच्यापेक्षा उंच, डावखुरा. पोरवयातच लॉस एंजेलिसला जाऊन शिकला. २०२३ मध्ये बाराव्या फेरीत मोलोनीला मारलेला डावा ज्यानं बघितलाय तो विसरणार नाही. मार्चमध्ये जपानच्या पुरस्कार समारंभात इनोएनं स्टेजवरनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, वर्षभरानं टोकियो डोममध्ये लढूया. याला म्हणतात धरणं! आता मधल्या लढतीत दोघांपैकी कुणी पडलं की जोड फुटली, एवढीच धास्ती.

दुसरी: बिवोल–बेनाविडेझ. बिवोलनं एक पट्टा सोडला तो बेनाविडेझला बसल्या जागी मिळाला. अशी चॅम्पियनकी मला पटत नाही, त्याला स्वतःलाही पटत नसणार. पोरगं खरं तर लढायला कायम तयार, कॅनेलोनंच त्याची जोड कधी लावून घेतली नाही.

नको असलेली: उसिक–फ्युरी तिसऱ्यांदा. दोनदा झालं, दोनदा फ्युरी हरला, विषय संपला.

तुमची जोड सांगा. नुसतं नाव नको, का ते पण लिहा.

कोयनाकाठ_कराड

आप्पा, छोट्या वजनाचं कौतुक मान्य, पण उसिकला एका ओळीत उरकलंत हे काही बरं नाही केलं. डिसेंबरच्या लढतीत फ्युरी काट्यावर सव्वाशे किलोच्या पुढं आणि उसिक शंभरच्या जरा वर. तिन्ही पंचांनी ११६–११२ दिलं. क्रॉफर्ड सहा किलो चढला तर तुम्ही पानभर लिहिता, हा माणूस पंचवीस किलो जास्तीच्या गड्याला वर्षात दोनदा हरवतो त्याचं काय? जुलैत वेम्बलीवर दुबुआला पाचव्या फेरीत झोपवलं तेही आहे. वजनाच्या तफावतीचं आपल्याला नवल वाटायला नको खरं तर, महाराष्ट्र केसरीच्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंतचे एकाच आखाड्यात असतात. हलका मल्ल तिथं काय करतो? पाय चालवतो, समोरच्याला दमवतो. उसिक तेच करतो.

माझी जोड: उसिक–इटाउमा. इटाउमा वीस वर्षांचा, डावखुरा, ऑगस्टमध्ये व्हाइटला पहिल्याच फेरीत उडवला. लोक म्हणतात पोरगं कच्चं आहे, अजून दोन वर्षं थांबवा. दोन वर्षांनी उसिक चाळिशीला आलेला असेल. जोड ताजी पाहिजे हे तुमचंच म्हणणं, मग आत्ताच लावा.

साताऱ्याची_ग्लोव्हजवाली

आप्पा, जास्मिनला एका वाक्यात आणलंत आणि तिथंच सोडलंत! फायनलला तिच्यासमोर पोलंडची शेरेमेता होती, पॅरिस ऑलिम्पिकची रौप्यविजेती. जास्मिन पॅरिसमध्ये पहिल्याच लढतीत बाहेर पडली होती. वर्षभरात हा फरक पडला. ५७ किलोत ४–१. लांब हात आहेत तिचे, पण आधी त्या हातांचा उपयोग ती मागं सरकताना करायची. आता पुढं येऊन करते. मी मुलींना शिकवते तेव्हा हेच एक सांगून सांगून घसा बसतो.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीनं ४८ किलोत सोनं घेतलं, तिचा तर उल्लेखच नाही तुमच्याकडे. माझी जोड तिच्यावरूनच. पॅरिसला मुलींचा सगळ्यात खालचा गट ५० किलोचा होता. म्हणजे २०२८ ला लॉस एंजेलिसला जायचं तर तिला वजन चढवावंच लागणार, आणि वर निखत झरीन बसलेली आहे. मीनाक्षी–निखत, निवड चाचणीत, कॅमेरा लावून, सगळ्यांना दिसेल अशी. आपल्याकडच्या चाचण्या बंद दाराआड होतात आणि मग कोण का गेलं यावर वर्षभर कुजबुज चालते. त्यापेक्षा रिंगमध्ये होऊ दे एकदा काय ते.

आणि हो, निशांत देव जानेवारीत प्रोफेशनल झाला, पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकला. त्याची जोड मी आत्ता मागणार नाही. पॅरिसला मेक्सिकोच्या व्हेर्देसमोर शेवटच्या फेरीत त्याचा दम गेलेला सगळ्यांनी बघितलाय. आधी आठ-दहा फेऱ्यांचा दम होऊ दे.

मिरज_जंक्शन

तुम्ही सगळे फार शहाणे बुवा. मी तर नोव्हेंबरात जेर्वोंटा डेव्हिस आणि यूट्यूबवाला जेक पॉल बघणार. एक ६१ किलोचा, दुसरा नव्वदचा. चहा, भडंग आणि दंगा 😄

तासगावचा_आप्पा

मिरजकर, भडंग सांगलीचा आणा म्हणजे तेवढं तरी पदरात पडेल.

कराडकर, उसिकबद्दल बोलणी खातो, दिलीत ती बरोबर आहेत. पण इटाउमाला आत्ता नको. व्हाइटला उडवला खरा, पण व्हाइट ३७ चा आणि खूप मार खाल्लेला होता. पोराला अजून कुणी सहाव्या फेरीच्या पुढं नेलेलंच नाही. उसिकची खरी लढत तर सातव्यानंतर सुरू होते. ताजी जोड म्हणजे कच्ची जोड नव्हे दादा.

ताई, मीनाक्षी–निखत मलाही बघायचीय. ऑलिम्पिकच्या खेळात तीनच फेऱ्या, तिथं पहिली हातातनं गेली की संपलं. निखतला सुरुवातीला अंदाज घ्यायची सवय आहे, मीनाक्षी घंटा वाजली की कामाला लागते. म्हणून माझा कौल मीनाक्षीला. भांडायचं तर भांडा.

आणि डेव्हिसचं नाव निघालंच आहे तर माझी तिसरी जोड: डेव्हिस–रोच, परत. मार्चमध्ये न्यूयॉर्कला नवव्या फेरीत डेव्हिसनं स्वतःहून गुडघा टेकला, कोपऱ्यात जाऊन टॉवेलनं तोंड पुसून घेतलं. म्हणे केसांचं काहीतरी डोळ्यात गेलं. गुडघा टेकला की नॉकडाउन, म्हणजे गुण गेला, नियम सरळ आहे. रेफरीनं मोजलंच नाही. एका पंचानं ११५–११३ डेव्हिसला दिलं, बाकी दोघांनी ११४–११४, म्हणून बरोबरीत सुटली. तेवढी मोजणी झाली असती तर पंचांची दोन्ही बरोबरीची गुणपत्रकं रोचकडं गेली असती आणि पट्टा त्याच्या कमरेला असता. त्याचा हिशोब बाकी ठेवून हा जेक पॉलबरोबर खेळायला निघालाय. ही जोड परत लागलीच पाहिजे, आणि रेफरी दुसरा घ्या.