आठ बोर्डांत बाद: ब्रिजमध्ये नशीब किती चालू द्यायचं?

चौकटराणी: रविवारी पत्त्यांच्या ब्रिज खेळाच्या एका स्पर्धेत आमची टीम पहिल्याच बाद फेरीत हरली. फक्त आठ बोर्ड, म्हणजे आठ डाव. डुप्लिकेटच होतं, दोन्ही टेबलांवर तीच पानं. शेवटच्या बोर्डावर बाबा आणि मी सहा इस्पिक बोललो (इस्पिक हुकूम, तेरापैकी बारा हात करायचे), दुसऱ्या टेबलावर तीच पानं घेतलेली विरोधी जोडी चारवर (दहा हातांवर) थांबली. फिनेस केला (राजा एका बाजूला आहे असं धरून खेळले), चौकटचा राजा नेमका चुकीच्या बाजूला निघाला. स्लॅम, म्हणजे ती बारा हातांची बोली, एका हाताने बुडाली. तेव्हापासून झोप नाही. पानं सारखी असूनही हे होतं, तर जागतिक स्पर्धेत काय करतात?

जुना_पंच: ताई, कोणीच व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढतात ती स्थिती) नव्हतं असं धरतो. राजा सापडला असता तर तुमचे 980 गुण, त्यांचे 480. फरक 500, म्हणजे 11 इम्प (दोन टेबलांच्या गुणफरकावरून तक्त्याने ठरणारे गुण) तुम्हाला. चुकला, तर तुमचे उणे 50, त्यांचे 450. पुन्हा फरक 500, 11 इम्प त्यांना. एका पानाच्या जागेवर 22 इम्प फिरले! आणि निम्म्या शक्यतेचा स्लॅम बोलणं किंवा सोडणं, चूक दोन्हींत नाही.

बर्म्युडा बोलमध्ये (1950 पासूनची जागतिक स्पर्धा) आधी सगळ्यांशी साखळी, मग पहिल्या आठांची बाद फेरी, अंतिम सामना शंभराच्या आसपास बोर्डांचा. आठाचे 128 बोर्ड केले की कौशल्याचा फरक सोळापट साठतो, नशिबाचे हेलकावे साधारण चौपटच. साखळीतल्या आपसातल्या निकालाचा काही भागही पुढे नेतात. मला ते फार पटतं, आधीची मेहनत पुसली जात नाही.

फासेवाला: बॅकगॅमनमध्ये एवढीही सोय नाही. दोन टेबलांवर तेच फासे दिले तरी एक सोंगटी वेगळी हलली की डाव निराळा. म्हणून ठरलेल्या गुणांपर्यंत लांब सामना खेळवतात.

चौकटराणी: पण आपल्याकडे एकच रविवार असतो. टीम सोळा.

जुना_पंच: मग बाद फेरी नकोच. स्विस लावा: प्रत्येक फेरीत जवळपास समान गुणांच्या टीम समोरासमोर. इम्पचे व्हिक्टरी पॉइंट (प्रत्येक फेरीचे ठरावीक मर्यादेतले गुण) करा, एक राजा चुकला तरी दिवस बुडणार नाही.

चौकटराणी: सात बोर्डांच्या पाच फेऱ्या, मग पहिल्या दोघांत 14 बोर्डांची फायनल. एकूण 49, सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत होतं. बाबांना दाखवून आजच आयोजकांना लिहिते.